जखमीचा श्वास कसा टिकवायचा: कोल्हापूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीचे फोन वाढतात. मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली, तिच्यात घुसलेली मोटारसायकल आणि रस्त्याकडेला थांबलेला कुणीतरी विचारतो, "डॉक्टर, पेशंट घोरतोय, काय करू?" मी भूलतज्ज्ञ आहे. माणसाला बेशुद्ध करायचं आणि त्या अवस्थेत त्याचा श्वास चालू ठेवायचा, हा माझा रोजचा धंदा. तालमीतली पोरं, एमआयडीसीतले सुपरवायझर, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर आणि तालुक्याच्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर यांचे वर्ग घेतले, त्यानंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे लावलेत. १ ते १० सगळ्यांसाठी. ११ पासून पुढचे दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी. त्यातले डोस आणि हत्यारं घरच्या माणसानं वापरायची नाहीत.

१. बेशुद्ध आहे, पण मोठ्यानं घोरतोय. म्हणजे श्वास चांगला चालू आहे ना?

चालू आहे, पण अडून अडून. बेशुद्धीत जबड्याचे आणि घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरकते, घशाच्या मागच्या भिंतीला टेकते आणि उरलेल्या फटीतून हवा जाताना आवाज येतो. ती फट आणखी बारीक झाली की आवाज थांबतो. नेमकं तेव्हाच बघे म्हणतात, "आता शांत झोपला बघा." मला सगळ्यात भीती वाटते ती या वाक्याची.

बाकीचे आवाजही ओळखून ठेवा. गुळगुळ म्हणजे घशात रक्त किंवा उलटी. श्वास आत घेताना चिरका, शिट्टीसारखा आवाज म्हणजे अडथळा स्वरयंत्रापाशी. पोट वर येतंय तेव्हा छाती आत जातेय आणि आवाज मुळीच नाही, म्हणजे वाट पूर्ण बंद. अशा वेळी मेंदूला इजा सुरू व्हायला चारेक मिनिटं पुरतात.

२. आधी रक्त थांबवायचं की आधी श्वास बघायचा?

रक्त पिचकारीसारखं उडत असेल तर आधी तिथे कापड कोंबून जोरात दाबा. एरवी आधी श्वास. कपाळावरच्या खोकेत सगळे गुंतून पडतात कारण ती दिसते. मागे पडलेली जीभ दिसत नाही.

हा क्रम आला कुठून, असंही लोक विचारतात. १९७६ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर नावाच्या हाडांच्या सर्जनचं छोटं विमान कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं जखमी झाली. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मुलांवर जसे उपचार झाले ते पाहून हा माणूस हादरला, आणि त्यातून अपघातग्रस्तांसाठीचा एटीएलएस हा अभ्यासक्रम उभा राहिला: आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्ताभिसरण. जगभर शिकवली जाणारी ही पद्धत निघाली ती छोट्या गावातल्या दवाखान्याच्या अडचणीतून, हे आपल्या तालुक्याच्या डॉक्टरांना मी मुद्दाम सांगतो. वाहत्या रक्ताला या क्रमाच्याही आधीचं स्थान मिळालं ते अलीकडे.

३. १०८ येईपर्यंत मी नेमकं काय करू?

आधी रस्ता. दोन गाड्या मागे-पुढे उभ्या करा, ब्लिंकर लावा. दुसरा अपघात तिथेच होतो.

मग डोक्याशी गुडघे टेकून बसा आणि नाव विचारा. स्पष्ट आवाजात उत्तर आलं तर या घडीला वाट मोकळी आहे, मेंदूला रक्त पोचतंय. एका प्रश्नात एवढं कळतं. दर दोन मिनिटांनी पुन्हा बोलतं करा, कारण मघाशी बोलत होता म्हणून आता बोलेलच असं नाही.

उत्तर नाही, तर तोंड उघडून मोबाईलच्या उजेडात बघा. पडलेला दात, कवळी, माती, तंबाखूच्या माव्याची गुळणी दिसली तर काढा. दिसत नसताना बोट आत खुपसू नका, वस्तू आणखी खोल जाते. मग जबडा वर उचला (प्रश्न ४) आणि गाल त्याच्या नाकाशी नेऊन दहा सेकंद हवा लागते का ते पाहा.

श्वास नाहीच, किंवा माशासारखे तुरळक आचके आहेत, तर तो श्वास धरायचा नाही. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायला सुरुवात करा. या छाती दाबण्याला सीपीआर म्हणतात, पण आपल्याकडे सीपीआर म्हटलं की भाऊसिंगजी रोडवरचा सरकारी दवाखाना, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, डोळ्यापुढे येतो. वर्गात मी "सीपीआर द्या" म्हणालो तेव्हा एका पोरानं "नेतो की लगेच" म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून मी "छाती दाबा" एवढंच म्हणतो.

४. मानेला हलवू नका म्हणतात आणि तुम्ही म्हणता जबडा उचला. कसं जमायचं?

जमतं, कारण हलतो तो जबडा, मान नाही. डोक्यामागे बसून कोपरं जमिनीला टेकवा. दोन्ही हातांची बोटं कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यामागे अडकवा आणि जबडा आभाळाकडे ढकला, इतका की खालचे दात वरच्या दातांच्या पुढे यावेत. जीभ जबड्याला बांधलेली असते. जबडा पुढे आला की तीही येते. घोरणं तिथल्या तिथे थांबतं आणि ते ऐकल्यावर आपण बरोबर करतोय हे वेगळं सांगावं लागत नाही.

एवढं करूनही हवा जात नसेल तर हनुवटी धरून डोकं हळूहळू, लागेल तेवढंच मागे न्या. मानेचं हाड मोडलेलं असेल ही शंका असते. हवा बंद आहे ही खात्री असते. शंकेसाठी खात्रीचा बळी द्यायचा नाही.

५. उताणं ठेवायचं की कुशीवर?

तोंडात रक्त किंवा उलटी असेल, किंवा जबडा धरून बसायला माणूस नसेल, तर कुशीवर. डोकं, खांदे, कंबर एकदम वळवायचं, कपड्याचं गाठोडं वळवल्यासारखं नाही. तीन-चार जण असतील तर डोकं धरणारा "एक, दोन, तीन" म्हणेल आणि बाकीचे त्याचं ऐकतील. एकटे असाल तरी उलटी होताना उताणं ठेवू नका. तोंड स्वच्छ आहे आणि जबडा उचलून धरायला कुणी आहे, तर उताणं चालेल.

शुद्धीत असलेल्या आणि तोंडातून रक्त येणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. ती प्रश्न १८ मध्ये.

६. हेल्मेट काढायचं का?

बोलतोय, श्वास नीट आहे, तर राहू द्या. फक्त काच वर करा आणि पट्टा सैल करा. श्वास अडलाय किंवा उलटी होतेय तर काढावंच लागेल, पण दोघांनी. एकानं खालून एका हातानं जबडा, दुसऱ्या हातानं डोक्याची मागची बाजू धरायची. दुसऱ्या माणसानं हेल्मेटच्या कडा बाहेर ताणून, नाक सोडवत, हळू ओढायचं. निघाल्यावर डोकं धप्पकन खाली पडू द्यायचं नाही.

७. पाणी पाजलं, कांदा हुंगवला तर काय बिघडतं?

बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. पाणी सरळ फुप्फुसात जातं. शुद्धीत असला तरी पुढे ऑपरेशन लागू शकतं, म्हणून ओठ ओले करण्यापलीकडे काही नको. कांदा, चप्पल यांनी काही होत नाही. वेळ जातो, आणि नाकाशी कांदा धरणारा हात जबड्याला हवा असतो.

८. ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार असेल तर वडापनं, टेम्पोनं न्यायचं का?

आधी १०८ ला फोन लावाच. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे, फुकट आहे, आणि गाडी पोचेपर्यंत काय करायचं तेही फोनवर विचारता येतं. पण गगनबावड्याहून कोल्हापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आंबा घाट त्याहून लांब, करूळ किंवा भुईबावडा घाटात तर कधी कधी रेंजच नसते. तिथे थांबण्यापेक्षा निघून वाटेत ॲम्ब्युलन्सला गाठणं शहाणपणाचं ठरतं.

तेव्हा गाडी कुठली यापेक्षा माणूस कसा ठेवलाय हे महत्त्वाचं. सगळ्यात वाईट म्हणजे मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवणं: मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते, वाट बंद. त्याखालोखाल कारच्या मागच्या सीटवर मुटकुळं करून कोंबणं. त्यापेक्षा टेम्पोचा सपाट हौदा शंभर पट बरा. खाली पोती किंवा ताडपत्री घाला, कुशीवर ठेवा, आणि डोक्याशी एक माणूस असा बसवा ज्याचं दुसरं कुठलंही काम नाही, फोन उचलण्याचंही नाही.

९. पोलिसांचं लचांड मागं लागंल का?

नाही. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६ मध्ये बंधनकारक केली आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १३४ अ हे कलम आलं. नाव सांगायचं की नाही हे तुमच्यावर आहे. दवाखान्यात पोचवून तुम्ही निघून जाऊ शकता.

१०. वास मारतोय, प्यालेला आहे. उतरली की उठेल, नाही का?

उठेलही. पण प्यालेल्याचं डोकं फुटलं असेल तर ते दारूमागे लपतं, आणि दारूनं उलटीही होते नि ती बाहेर टाकण्याची ताकदही जाते. प्यालेला जखमी बेशुद्ध असेल तर आधी डोक्याला मार आहे असंच धरायचं. कुशीवर ठेवा, सोडून जाऊ नका.

११. आमच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही. श्वासनलिकेत नळी न घालता पुढे पाठवलं तर चुकलं का? वरचे लोक बोलतात.

बोलू द्या. माणूस नळीवाचून मरत नाही, हवेवाचून मरतो. जबडा उचलून, सक्शन करून, मास्क आणि ॲम्बू बॅगनं (हातानं दाबून हवा देणारी पिशवी) रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या वर राहत असेल, तर अर्ध्या तासाच्या वाटेसाठी तेवढं पुरेसं आहे. वर्षातून दोनदा लॅरिंगोस्कोप (नळी घालताना स्वरयंत्र बघायचं हत्यार) हातात घेणाऱ्यानं चार वेळा प्रयत्न करून घसा सुजवून पाठवलेला पेशंट मला परवडत नाही.

बॅग-मास्क मात्र दोघांनी करायचं. एकानं दोन्ही हातांनी मास्क चेहऱ्यावर बसवून जबडा मास्कमध्ये वर ओढायचा, दुसऱ्यानं बॅग दाबायची: मिनिटाला दहा ते बारा वेळा, छाती उचललेली दिसेल इतकीच. घाईनं दाबली की हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते. पूर्ण बेशुद्ध असेल तर आय-जेल (स्वरयंत्राच्या तोंडावर बसणारी मऊ नळी) बसवा. शिकायला सोपी आहे. पोटातलं वर आलं तर ती पूर्ण अडवत नाही, आणि ओकारी येत असेल तर बसत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

नळी घालूनच पाठवायला हवं ते असे: बॅगनंही ऑक्सिजन टिकत नाही; सक्शन हटवलं की घसा रक्तानं भरतो; किंवा सूज वाढतच जाणार आहे (प्रश्न १९ आणि २०). तेव्हा जवळचा अनुभवी हात बोलवा, खासगीतला असला तरी.

निघण्याआधी सिलिंडर बघा. भरलेल्या बी टाइपमध्ये साधारण दीड हजार लिटर असतो, म्हणजे मिनिटाला दहा लिटरनं अडीच तास. अर्धा भरलेला सिलिंडर आणि शिरोलीच्या पुलाजवळचा ट्रॅफिक हे गणित एकदा माझ्यासमोर चुकलंय, शेवटचे तीन किलोमीटर नुसत्या हवेवर बॅग दाबत गेले.

१२. तोंडातला एअरवे घालावा की नाकातला?

पूर्ण बेशुद्धाला तोंडातला, म्हणजे गुडेल. माप तोंडाच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत. ओकारी आली तर लगेच काढा. तो शुद्धीकडे येतोय ही चांगली बातमी आहे. दातखीळ बसलेल्याला नाकातला बरा, पण चेहऱ्याचा मधला भाग मोडलाय, दोन्ही डोळ्यांभोवती काळं पडलंय, कानामागे निळं दिसतंय किंवा नाका-कानातून पाण्यासारखं गळतंय, तर नाकातून काहीच घालू नका. पोटात जाणारी रायल्स ट्यूबही अशा वेळी तोंडातूनच.

१३. जीसीएस ८ किंवा कमी म्हणजे नळी. हा नियम पक्का का?

खूणगाठ आहे, नियम नाही. जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, १५ म्हणजे पूर्ण शुद्ध. ही मोजणी १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी बेशुद्धीची खोली एकमेकांना सांगता यावी म्हणून आणली; नळीचा निर्णय तिच्यावर नंतर लादला गेला. नुकती फिट येऊन गेलेला किंवा साखर उतरलेला माणूस ७ वर असतो आणि दहा मिनिटांत उठून बसतो. साखर तपासायला एक टोचणी लागते, ती विसरू नका. उलट भाजलेला माणूस १५ वर असताना नळीची गरज असू शकते. आकड्यापेक्षा उतार बघा: १३ वरून १० वर आलाय आणि पुढे तासाचा प्रवास आहे, तर वाट बघू नका.

औषध देण्याआधीचा जीसीएस, डोळ्यांच्या बाहुल्या आणि चारी हातपायांची हालचाल लिहून ठेवा. एकदा भूल दिली की न्यूरोसर्जनकडे वाचायला तुमचा कागद एवढाच उरतो.

१४. नळी घालायची ठरली. तयारी आणि औषधं कशी?

निम्मी लढाई तयारीत आहे. चालू सक्शन उशीखाली, दोन आकाराच्या नळ्या, बुजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक काडी), आय-जेल बाजूला, आणि स्काल्पेल ट्रेवर उघडं. शिरेतल्या चालू सुया दोन हातांत दोन. प्रत्येकाचं काम मोठ्यानं सांगा, आणि पहिल्यांदा जमलं नाही तर काय करणार तेही.

मानेच्या कॉलरचा पुढचा भाग उघडा, नाहीतर तोंड उघडत नाही. खालून किंवा बाजूनं एकानं दोन हातांनी डोकं-मान सरळ धरायची. डोकं मागे वाकवता येत नसल्यानं स्वरयंत्र अर्धंच दिसेल. म्हणून बुजी पहिल्यापासून हातात घ्या. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप असेल तर तोच, फक्त रक्तानं कॅमेरा माखतो हे गृहीत धरा.

घट्ट मास्कनं तीन मिनिटं १५ लिटर ऑक्सिजन. खाट डोक्याकडून थोडी उंच. भुलेसाठी केटामाइन किलोला १ ते २ मिग्रॅ, शॉकमध्ये निम्मं. लगेच स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलीन १.५ मिग्रॅ किंवा रोक्युरोनियम १.२ मिग्रॅ किलोला. हे शॉकमध्ये कमी करायचं नाही, कारण रक्ताभिसरण मंद असताना औषध पोचायला वेळ लागतो. पूर्ण मिनिट थांबा. बीपी पडलेलं असेल तर आधी रक्त, सलाइन. मग नळी (प्रश्न १६).

पूर्वी झोपेच्या मिडॅझोलामचं एक अँप्यूल देऊन, स्नायू सैल न करता, लढत लढत नळी घालायची पद्धत होती. काही ठिकाणी अजून आहे. त्यात उलटी होते, डोक्यातला दाब वाढतो आणि बीपी पडतं. फायदा एकही नाही.

पोटातलं वर येऊ नये म्हणून सेल्लिकनं १९६१ मध्ये सांगितलेला क्रिकॉइडवरचा (स्वरयंत्राखालच्या कड्यावरचा) दाब द्यायचा का? द्या हवा तर, पण दिसणं अडत असेल तर तत्काळ सोडा. ऑक्सिजन ९३ च्या खाली आला की लॅरिंगोस्कोप बाहेर, बॅग सुरू. तोच ब्लेड, तीच उशी, तोच हात घेऊन दुसरा प्रयत्न करू नका, काहीतरी बदला. दोनदा जमलं नाही तर आय-जेल.

१५. नळी श्वासनलिकेतच आहे हे कशावरून ठरवायचं?

कॅप्नोग्राफवर (बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणारं मशीन) सलग लहरी दिसल्या तरच. नळीत वाफ दिसणं, स्टेथोस्कोपनं आवाज येणं, "मी जाताना पाहिली" हे सगळं फसवतं. जठरात गेलेल्या नळीतही वाफ धरते. लहर सपाट असेल तर काढा. शंका आहे? तरीही काढा. बाईला दातांपाशी २१, पुरुषाला २३ सेंटिमीटरवर बांधा. जास्त गेली की उजव्या फुप्फुसात जाते.

डोक्याला मार असेल तर कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४० च्या दरम्यान ठेवा. उत्साहानं भराभर बॅग दाबली की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात.

स्ट्रेचर हलवल्यावर अचानक ऑक्सिजन घसरला तर याच क्रमानं: नळी सरकली का, तुंबली का, छातीत हवा कोंडली का, मशीन किंवा सिलिंडर संपला का. व्हेंटिलेटर काढून हातानं बॅग दाबून बघा, निम्मी उत्तरं हातालाच मिळतात.

१६. नळी नीट गेली आणि बीपी कोसळलं. असं का होतं?

आपण स्वतः श्वास घेतो तेव्हा छातीत ओढ तयार होते आणि रक्त हृदयाकडे येतं. बॅगनं हवा ढकलली की ते उलटं होतं. आधीच रक्त गेलेल्या माणसाला हे झेपत नाही, वर भुलेचं औषध. म्हणून आधी भरपाई करायची.

दुसरं कारण विसरलं जातं. बरगडी मोडून फुप्फुसाला बारीक भोक असेल तर बॅगच्या दाबानं छातीत हवा कोंडते. एका बाजूला आवाज नाही, बॅग कडक लागतेय, बीपी पडतंय: एक्स-रेची वाट न बघता त्या बाजूला, काखेच्या मधल्या रेषेच्या किंचित पुढे, बरगड्यांमधल्या चौथ्या किंवा पाचव्या फटीत जाड सुई घाला, मग छातीची नळी. डोक्याला मार असलेल्याचं वरचं बीपी ११० च्या खाली रेंगाळू देऊ नका.

१७. पैलवान, मावा खाणारे, कवळीवाले. यांचं काय वेगळं?

हा खास आपल्याकडचा प्रश्न. पैलवानाचा कुस्तीत फुटलेला कान दिसला की मान बघा. आखूड, जाड, गळ्याचे खड्डेच न दिसणारी मान असेल तर मास्क बसायलाही त्रास आणि स्वरयंत्र दिसायलाही. अशांचा ऑक्सिजन उताणं झोपवल्यावर भरकन उतरतो. मान न वाकवता सगळी खाटच डोक्याकडून वर करा.

माव्याचं दुखणं वेगळं. वर्षानुवर्षं सुपारी-तंबाखू धरून गालाची आतली कातडी दोरखंडासारखी ताठरते आणि तोंड बोटभरच उघडतं. ते भूल देऊनही उघडत नाही, कारण तो स्नायू नाही. शुद्धीत असतानाच "आ करा" म्हणा. स्वतःची तीन बोटं उभी बसली नाहीत तर स्नायू सैल करणारं औषध देऊ नका. श्वास त्याचा त्यालाच घेऊ द्या आणि कान-नाक-घसा सर्जनला ट्रॅकिऑस्टॉमीच्या (गळ्यातून श्वासनलिका उघडण्याच्या) तयारीनं बोलवा. पंचविशीतल्या पोरांत हे दिसतं आता.

घट्ट बसलेली कवळी बॅग-मास्क करताना राहू द्या, गाल भरलेले राहतात; नळी घालताना काढा. सैल असेल तर आधीच काढा आणि नातेवाइकांच्या हातात द्या, नाहीतर नंतर तिच्यावरून भांडण होतं.

१८. चेहऱ्याचा चेंदामेंदा झालाय, झोपवलं की धडपडून उठतो. बांधून ठेवायचा का?

बांधू नका! त्याला कळलंय ते तुम्हाला कळलेलं नाही. जबडा दोन्ही बाजूंनी मोडला की जिभेचा पुढचा आधार सुटतो. उताणं केलं की जीभ आणि रक्त दोन्ही घशात. शुद्धीत असेल आणि कमरेला-पाठीला लागलेलं दिसत नसेल तर पुढे झुकवून बसू द्या, तोंडातून रक्त वाहू द्या, सक्शन त्याच्याच हातात द्या. कॉलर आणि बोर्डाचा हट्ट इथे जीवघेणा ठरतो. शुद्ध हरपत चालली तर कुशीवर घ्या आणि जीभ गॉजमध्ये धरून पुढे ओढा.

१९. गळ्यालाच मार लागलाय: ओढणी चाकात अडकली, मांजा लागला. बाहेरून फार दिसत नाही.

बाहेरून दिसत नाही म्हणूनच जपा. रसाच्या चरकात पदर, मोटारसायकलच्या चाकात ओढणी, अंधारात आडवी तार, या सगळ्यांत स्वरयंत्र चिरडतं. आवाज बसलाय, थुंकीत रक्त आहे, गळ्याच्या कातडीखाली दाबलं की कुरकुरतंय, गाठ वाढतेय: यातलं एकही असेल तर तो पेशंट वर्‍हांड्यात थांबवायचा नाही. आंधळेपणानं नळी ढकलली तर अर्धवट तुटलेली श्वासनलिका पूर्ण तुटू शकते. शक्यतो जागेपणी, ऑपरेशन थिएटरमध्ये, सर्जन शेजारी उभा करून.

गळा चिरून श्वासनलिका उघडीच पडली असेल आणि जखमेतून हवेचे बुडबुडे येत असतील, तर वरून कसरत कशाला? त्याच भोकातून नळी घाला.

२०. भाजलेला माणूस नीट बोलतोय. तरी नळी कशाला?

कुठे भाजला ते विचारा. गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस पायावर सांडला तर चटका भयंकर, पण श्वासाच्या वाटेला काही नाही. बंद खोलीत गॅसचा भडका उडाला, नाकातले केस जळाले, थुंकीत काजळी आहे, आवाज घोगरा झालाय, तर घसा आतून सुजायला लागलाय. ही सूज पहिल्या चोवीस तासांत वाढत जाते. आत्ता सहज जाणारी नळी चार तासांनी जाणार नाही. आठ नंबरची घ्या, आणि कापून आखूड करू नका. ओठ सुजले की आखूड नळी आत ओढली जाते.

धुरात अडकलेल्याच्या बोटावरचं मशीन ९९ दाखवतं तेव्हा त्यावर विश्वास ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला लालच दिसतं. सक्सिनिलकोलीन पहिल्या दिवशी चालतं. नंतर काही महिने नको, पोटॅशियम उसळून हृदय थांबू शकतं.

२१. लहान मुलांत काय बदलतं?

डोकं मोठं, म्हणून उताणं ठेवलं की मान आपोआप पुढे वाकते. खांद्याखाली टॉवेलची घडी घाला. गुडेल उलटा घालून फिरवू नका, सरळच घाला. नळीचा आकार: वय भागिले ४, अधिक ३.५, फुग्याच्या नळीसाठी. बिनफुग्याच्या नळीला अधिक ४. म्हणजे सहा वर्षांच्या पोराला फुग्याची ५ नंबर. मुलाची नाडी मंदावली तर ॲट्रोपिन शोधण्याआधी ऑक्सिजन पोचतोय का ते बघा.

२२. गरोदर बाई असेल तर?

पाचव्या महिन्यानंतर उताणं ठेवू नका. बोर्डासकट डावीकडे पंधरा ते तीस अंश कलवा. ऑक्सिजनचा साठा तिच्यात कमी आणि खर्च जास्त, त्यामुळे तो मिनिटाच्या आत उतरू शकतो. नळी अर्ध्या नंबरनं लहान. बाकी क्रम प्रश्न १४ चाच. बाळासाठी वेगळं काही शोधू नका, आईचा ऑक्सिजन हाच त्याचा.

२३. नळी जात नाही, आय-जेल बसत नाही, बॅगनं छाती उचलत नाही. आता?

आता गळ्यातून. सिनेमात दाखवतात तसं पेनाच्या नळीनं रस्त्यावर नाही. दवाखान्यात, शिकलेल्या हातानं. उशीर होतो तो हाताला नाही, मनाला. "अजून एकदा बघतो" म्हणण्यात दोन मिनिटं जातात. म्हणून टीमनं मोठ्यानं म्हणायचं: नळी नाही, हवा नाही, स्काल्पेल.

कंठमण्यावरून बोट खाली सरकवा. पुढच्या कड्याच्या आधी मऊ खळगा लागतो. १० नंबरच्या पात्यानं तिथे आडवा छेद, धार पायांकडे फिरवून पातं तसंच धरा, त्याच्या कडेनं बुजी आत, बुजीवरून ६ नंबरची फुग्याची नळी. मान जाड आहे आणि खळगा लागत नाही, तर आधी मधोमध आठ-दहा सेंटिमीटर उभा छेद द्या आणि बोटानं शोधा. रक्त येईल, बघत बसू नका. बारा वर्षांखालच्या मुलांत पातं नाही, सुई.

याचा सराव कुठे करायचा, हा त्याला जोडून येणारा प्रश्न. बोकडाच्या नरड्यावर. कोल्हापुरात त्याची ददात नाही. बुधवारी, शुक्रवारी किंवा रविवारी सकाळी लवकर मटणाच्या दुकानात जा आणि फुप्फुस-नरडं अखंड ठेवायला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीनं मधोमध कापतो. वर कातडीच्या जागी चिकटपट्टी ताणून लावा, घड्याळ लावा. आमच्या वर्गात पहिल्या खेपेला बहुतेकांना दीड मिनिट लागतं. पाचव्या नरड्याला चाळीस सेकंद.